जुना रथ आणि नवा घोष

जुन्या वस्तूत नवी भर घालणे हा मनुष्याचा स्वभाव आहे, आणि त्या भरीवरून भांडणे हाही त्याचा तितकाच जुना स्वभाव आहे. अशा भांडणात एक पक्ष 'जुने ते सोने' म्हणतो आणि दुसरा 'काळाबरोबर चालावे' म्हणतो. दोन्ही वचने खरी आहेत. परंतु ती इतकी ऐसपैस आहेत की त्यांच्या आधारे कोणत्याही एका प्रकरणाचा निकाल लावता येत नाही. न्यायालयात पुढे असलेल्या विशिष्ट गोष्टीचा विचार करावा लागतो. म्हणून येथे आम्ही एकच लहानसे प्रकरण विचाराला घेत आहो. ते एका जुन्या मालमोटारीचे आणि तीवर बसवावयाच्या नव्या ध्वनियंत्रणेचे आहे. प्रकरण लहान असले तरी त्याच्या पोटी असलेला प्रश्न लहान नाही.

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सरहद्दी बदलल्या तरी तेथल्या घरांतली मराठी बदलली नाही. त्याच भागातील एका संत्रा-बागायतदार कुटुंबाकडे जुनी टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटार आहे. टाटांचे त्या जर्मन कंपनीशी असलेले सहकार्य १९५४ ते १९६९ या काळातले, तेव्हा गाडीचे वय वाचकांनीच ताडावे. इंजिनाचे नाक पुढे काढलेली ही गाडी एके काळी नागपूरच्या बाजारात संत्री नेत असे. आता ती वर्षातून एकदा, चैत्री पौर्णिमेला, मारुतीची तसबीर घेऊन मिरवणुकीत निघते. घरातल्या तरुणांना तीवर आधुनिक ध्वनियंत्रणा बसवावयाची आहे. आजोबांना ते मान्य नाही. दोन्ही पक्ष आमच्याकडे आले आणि आजोबा म्हणाले, "वकीलसाहेब, कायद्यात बसते की नाही, तेवढंच सांगा."

तेवढेच सांगणे सोपे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. गाडीवर नवा डोलारा उभारून तिची लांबी-रुंदी वाढविणे यात सापडेल. बसण्याच्या जागेखाली एक पेटी ठेवणे, आमच्या मते, सापडणार नाही. आवाजाविषयी म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, सणासमारंभासाठी, मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते. मध्य प्रदेशाचा स्वतःचा कोलाहल नियंत्रण अधिनियम तर १९८५ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अधिकारावर आलेल्या मुख्यमंत्र्यांचा पहिला आदेशच धर्मस्थळांवरील ध्वनिक्षेपकांच्या मर्यादेविषयी होता.

एवढ्याने कायद्याचे उत्तर संपले. पण ते ऐकून आजोबांचे समाधान झाले नाही आणि नातवंडांचेही झाले नाही. कारण दोघांचाही खरा प्रश्न कायद्याचा नव्हता. ही गाडी अजून 'तीच' गाडी राहील काय, असे आजोबांना विचारावयाचे होते. आणि ही गाडी आमचीही आहे की नाही, असे नातवंडांना विचारावयाचे होते.

पहिला प्रश्न फार प्राचीन आहे. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने हाच विचारला होता. राजा, तू रथातून आलास. मग चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? यांपैकी एकही रथ नव्हे, हे राजाला कबूल करावे लागले. आमच्या बागायतदारांच्या गाडीचे टायर कितीदा बदलले, ताडपत्री किती फाटल्या, रंगाचे थर किती चढले, याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही. सुट्या भागांत 'तीच गाडी' शोधू गेल्यास ती सापडणार नाही.

मग ती कशात शोधावी? या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आमचे गोमंतकीय वाचक इतरांपेक्षा अधिक अधिकारी आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. जागा बदलली, इमारत बदलली, पुढे दीपमाळा उभ्या राहिल्या, दारावर नौबतखाने बांधले गेले, आणि विसाव्या शतकात विजेचे दिवेही आले. तरी 'हा तोच मंगेश' म्हणताना कोणा महाजनाची जीभ अडखळत नाही. कारण या सर्व उलथापालथीत पूजेचा धागा तुटला नाही. वस्तूचे एकत्व तिच्या कणांत नसून तिच्या सेवेच्या सातत्यात असते, असे आमचे मत या उदाहरणावरून झाले आहे.

हा निकष मानला तर आजोबांची भीती निम्मी दूर होते. नवी भर घातल्यानेच जुने भ्रष्ट होते, हे खरे नव्हे. आज जे आपण जुने म्हणून जपतो तेही एके काळी नवी भर म्हणूनच आलेले होते. परंतु भीती निम्मीच दूर होते. कारण भर दोन प्रकारची असते : एक काढून घेता येते, दुसरी काढता येत नाही. दीपमाळेवर चढविलेली विजेची माळ उद्या उतरविता येईल. तीच माळ बसविण्यासाठी दगडात पाडलेली भोके उतरविता येणार नाहीत.

जुन्या मोटारींच्या जाणकारांनीही हाच दंडक मानला आहे. त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत असे सांगितले आहे की, नव्या काळातली भर आवश्यकच असेल तर ती डोळ्यांत भरणारी नसावी, मूळ रचनेला धक्का लावणारी नसावी, आणि पुन्हा काढून टाकता येण्याजोगी असावी. आपल्याकडेही २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी जे नियम झाले, त्यांत वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे ही अट आहे. मालमोटार त्या व्याख्येत बसते की नाही हा वेगळा वाद. तत्त्व मात्र येथेही तेच आहे.

आता हे तत्त्व आमच्या गाडीला लावून पाहू. एक हजार वॅट शक्तीच्या ध्वनिवर्धकाला १२ व्होल्टवर ऐंशीहून अधिक ॲम्पिअर प्रवाह लागतो. जुन्या गाडीच्या डायनामोतून त्याच्या निम्माही क्वचितच मिळतो. मग डायनामो काढून टाकावा लागतो, जुन्या तारा उपटाव्या लागतात, किंवा मागे जनित्र चढवावे लागते. दारांचे पत्रे कापून त्यांत ध्वनिक्षेपक बसवावे लागतात. हे सर्व न परतणाऱ्या भरीत मोडते. उलट, बेताच्या शक्तीचे यंत्र, त्याची स्वतंत्र बॅटरी, तारेवर स्वतःचा फ्यूज, आणि हौद्यात दोरीने बांधलेल्या लाकडी पेटीत दोन ध्वनिक्षेपक एवढे केले, तर पौर्णिमा संपताच ते सर्व अर्ध्या तासात उतरविता येईल आणि गाडीला एक ओरखडाही पडणार नाही.

येथपर्यंत दोन्ही पक्षांचा समेट झाला असता. पण गाडीचा विचार करताना आपण एक गोष्ट विसरतो. यंत्र काढून घेता येते. त्यातून निघालेला आवाज काढून घेता येत नाही.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. नको असलेले दृश्य मनुष्य टाळू शकतो. नको असलेला आवाज त्याच्या घरात, त्याच्या अंथरुणात शिरतो. डेसिबलचे गणितही फसवे आहे : दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात आठ तास, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा श्रवणतज्ज्ञांचा प्रचलित दंडक आहे; त्या हिशेबाने शंभर डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. आणि माणसाच्या अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गाडीच्या दाराचा पत्रा एखादे वेळी सांधता येईल. हा पत्रा सांधता येत नाही.

आणि हे जामसांवलीला घडावयाचे आहे. तेथला मारुती उभा नाही, बसलेला नाही. पिंपळाखाली तो पहुडलेला आहे. कोणी सांगतात की संजीवनी आणावयास जाताना त्याने येथे विसावा घेतला. कोणी सांगतात की मूर्ती पूर्वी उभी होती. खाली धन असेल या लोभाने काही जणांनी ती हलवू पाहिली तेव्हा ती आडवी झाली, आणि मग बैल जुंपूनही हलली नाही. या कथांची ऐतिहासिक छाननी करणे हे आमचे काम नव्हे. त्यांतली समजूत मात्र आम्हांला मोलाची वाटते. येथला देव विश्रांती घेतो आहे, आणि लोभाने केलेली ओढाताण त्याला मानवत नाही. शिवाय ज्यांचे मन थाऱ्यावर नाही, ज्यांना रात्ररात्र झोप नाही, अशा आप्तांना घेऊन कितीतरी कुटुंबे आशेने या स्थानी येतात. निजलेल्या देवाच्या दाराशी झोप मागावयास आलेल्या माणसांच्या कानांवर आपण काय घालणार आहो, याचा विचार गाडी सुरू करण्यापूर्वी झाला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मनापासूनचा आहे. नाद हा उपासनेचाच भाग नाही काय? घंटा, शंख, चौघडा हे काय मौनाचे साधन आहेत? आक्षेप रास्त आहे. पण आपल्या देवळांनी नादाबरोबरच त्याच्या वेळाही ठरवून ठेवल्या आहेत. काकड आरतीने देव जागा होतो, शेजारतीने निजतो, आणि शेजारतीनंतर पुजारीही पावले हळू टाकतो. रात्री दहाचा नियम सरकारने केला त्यापूर्वी कितीतरी शतके तो देवळात होता. पंढरपूरला आषाढीच्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात. भक्तांच्या गर्दीसाठी विठ्ठल झोप सोडतो. हे उदाहरण आक्षेपकांच्या बाजूचे दिसते, पण ते तसे नाही. देव स्वतःची झोप सोडतो, दुसऱ्याची घेत नाही. आपल्या भक्तीसाठी आपण जागरण करावे, उपवास करावा, अनवाणी चालावे. शेजाऱ्याचे जागरण आपण देवाला वाहू शकत नाही, कारण ते आपले नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये एका चर्चच्या प्रकरणात सांगितले की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. जुलै २००५ मध्ये असे सांगितले की बोलण्याचा हक्क जितका खरा, तितकाच न ऐकण्याचाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे असा निर्णय दिला. हे निर्णय सर्व धर्मांना सारखेच लागू आहेत. परंतु देवळाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट न्यायाधीशाकडून ऐकावी लागावी, याचा थोडा संकोच आम्हांला वाटतो.

राहिला नातवंडांचा प्रश्न. तो आम्ही मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण वडीलधारी मंडळी तो बहुधा ऐकतच नाहीत. तरुणांना मोठा आवाज आवडतो एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांना त्या गाडीत आपले काही असावे असे वाटत होते. ज्या वारशात हात घालावयास मिळत नाही, त्याची काळजी कोण वाहील? नुसत्या नकाराने गाडी जशीच्या तशी राहत नाही. ती गोठ्यामागे गंजत उभी राहते, आणि एक दिवस भंगारात जाते. तीही न परतणारीच हानी होय. कापलेल्या दाराचा दोष नातवंडांचा असेल, तर गंजलेल्या इंजिनाचा दोष आजोबांच्या माथी येईल.

आमचा सल्ला असा होता, आणि वाचकांपुढेही तोच ठेवतो. यंत्र बसवावे, पण काढता येईल असे; त्याची तजवीज तरुणांनीच आजोबांच्या देखरेखीखाली करावी, म्हणजे ते यंत्र बसविता बसविता गाडीही शिकतील. आवाज गाडीबरोबर चालणाऱ्यांपुरता ठेवावा. भजनातले शब्द त्यांना कळावेत आणि रस्त्याकडेच्या घरातले बोलणे बुडू नये, एवढी मर्यादा पुरे. आणि स्थानाच्या जवळ पोचताच यंत्र बंद करून टाळ-मृदंग हाती घ्यावेत.

कठोपनिषदात शरीराला रथ, आत्म्याला रथी आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. त्यात रथ जुना की नवा याची चौकशी नाही. लगाम कोणाच्या हाती आहे याची आहे. ध्वनियंत्राला एक फिरविण्याची कळ असते. ती कितीवर ठेवावी हे गाडी सांगत नाही, आणि कायदाही केवळ तिची कमाल मर्यादा सांगतो. त्या मर्यादेच्या आत, कोणी पाहत नसता, तिला हात लावणाऱ्याने थोडे थांबून बाजूच्या घरात कोण निजले असेल याचा विचार केला, तर मारुतीची खरी सेवा तेथेच घडली असे आम्ही समजू.