किएव्हो तोच आहे का?

मे 2024मध्ये इटलीत एका बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेचा लिलाव झाला. बोली लागली होती एका नावावर आणि त्यासोबतच्या बोधचिन्हावर. सर्जिओ पेलिसिये या निवृत्त फुटबॉलपटूने तीन लाख युरोंहून अधिक रक्कम मोजून ‘किएव्होवेरोना’ हे नाव घेतलं. याच नावाच्या संघाकडून तो 2002 ते 2019 अशी सतरा वर्षं खेळला होता. पाचशेहून अधिक सामने आणि सर्वाधिक गोल हे क्लबमधले विक्रम त्याच्याच नावावर आहेत. 2021मध्ये क्लब बुडाला तेव्हा त्याने काही साथीदारांना घेऊन नवा संघ उभारला. पण जुनं नाव लावायला त्याला मनाई झाली. लिलावानंतर ती अडचण दूर झाली आणि नव्या संघाच्या पाटीवर जुनं नाव चढलं.

पाठीराख्यांच्या लेखी किएव्हो परत आला. पण परत आलं ते नेमकं काय? कंपनी दुसरी, खेळाडू दुसरे, स्पर्धा दोन पायऱ्या खालची. एखादी गोष्ट संपल्यावर त्याच नावाने पुन्हा सुरू झाली, तर ती तीच मानायची का? पुनर्जन्माच्या संदर्भात भारतीय दर्शनांनी हा प्रश्न शतकानुशतकं चर्चिला आहे. फुटबॉल क्लबच्या बाबतीत तो विचारणं थिल्लर वाटेल, पण क्लबचा जन्म-मृत्यू कागदोपत्री नोंदलेला असतो. माणसाच्या बाबतीत जे पडताळता येत नाही, त्यातलं थोडंफार इथे पडताळून पाहता येतं.

किएव्हो ही वेरोना शहराच्या कडेची, आदिजे नदीकाठची वस्ती. लोकसंख्या जेमतेम साडेचार हजार. 1929मध्ये तिथल्या काही हौशी मंडळींनी संघ काढला. तेव्हा मुसोलिनीची राजवट होती. फावल्या वेळातले खेळ आणि करमणूकही सरकारी संघटनेच्या छत्राखाली आणायची, असा राजवटीचा खाक्या होता. त्यामुळे संघाला त्या संघटनेची अक्षरं नावात लावावी लागली. 8 नोव्हेंबर 1931 रोजी तो अधिकृत स्पर्धेतला पहिला सामना खेळला. पोशाख होता निळा-पांढरा. 1936मध्ये पैसे संपले आणि संघ विसर्जित झाला.

त्यानंतर बारा वर्षं किएव्हो नावाचा संघ अस्तित्वातच नव्हता. महायुद्ध झालं, राजवट कोसळली, इटलीत प्रजासत्ताक आलं आणि 1948मध्ये वस्तीने पुन्हा संघ उभा केला. 1957पासून तो बोत्ताजिझिओ या मैदानावर खेळू लागला. हे मैदान चर्चच्या परगण्याचं. 1960च्या सुमारास संघाच्या नावाला ‘कार्दी’ हे पुरस्कर्त्याचं नाव जोडलं गेलं, पुढे ‘पालुआनी’ हे केक बनवणाऱ्या कंपनीचं. निळा-पांढरा पोशाख जाऊन निळा-पिवळा आला. 1986मध्ये संघ व्यावसायिक फुटबॉलमध्ये शिरला आणि परगण्याचं मैदान सोडून शहरातल्या बेन्तेगोदी या मोठ्या स्टेडियममध्ये गेला. 1990मध्ये नावाला ‘वेरोना’ चिकटलं. म्हणजे पहिली साठ वर्षं सरेपर्यंत नाव, रंग, मैदान, मालक, खेळाडू यांतलं काहीही मूळचं उरलं नव्हतं. मधली बारा वर्षं तर संघच नव्हता. तरीही स्थापनेचं साल 1929 असंच लागत आलं आणि त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही.

मग दिवस पालटले. 1992मध्ये मालक लुईजी काम्पेदेल्ली वारले आणि विशीतला मुलगा लुका अध्यक्ष झाला. 1994मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत, सेरी बीमध्ये, पोचला. वेरोनाचा खरा मानकरी संघ हेलास वेरोना. 1985मध्ये त्याने इटलीचं अजिंक्यपद जिंकलेलं. त्याचे चाहते किएव्होची टर उडवत, की गाढवं उडू लागतील तेव्हा हे सेरी आमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, येतील. 2001मध्ये लुईजी देलनेरी यांच्या मार्गदर्शनाखाली किएव्हो सेरी आमध्ये आला. पहिल्याच सामन्यात त्याने फिओरेन्तिनाला तिच्या मैदानावर 2-0 असं हरवलं, सुरुवातीचे काही आठवडे गुणतक्त्यात अव्वल राहिला आणि हंगामाअखेर पाचवा आला. हेलासची त्याच हंगामात सेरी बीत घसरण झाली. किएव्होच्या लोकांनी ती टिंगल बिरुदासारखी मिरवली आणि संघाचं टोपणनाव पडलं ‘उडती गाढवं’.

हेलासच्या पाठीराख्यांची एक तक्रार मात्र कायम राहिली. निळा-पिवळा रंग वेरोना शहराचा, म्हणून आमचा. बोधचिन्हावरचा घोडेस्वार कांग्रांदे हा चौदाव्या शतकातला शहराचा राज्यकर्ता, तोही आमचा. ही मंडळी मूळची निळी-पांढरी, आमची ओळख चोरून मोठी झाली. तक्रारीत तथ्य किती, हा वाद वेगळा. पण ओळख ही चोरता येण्यासारखी वस्तू आहे, असं हेलासचे लोक मनापासून मानत होते.

वस्तूची ओळख तिच्या भागांत असते की भागांपलीकडे, यावर आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण रथाचं. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना भेटायला गेला आणि त्याने नागसेन नावाचं कुणी खरोखर आहे का, असं विचारलं. नागसेनांनी उलट विचारलं, तू रथातून आलास. मग रथ म्हणजे चाकं का? आस का? दांडी का? यातलं काहीच रथ नाही आणि यांना वगळूनही रथ नाही. रथ हे भागांच्या विशिष्ट जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव आहे, नागसेनही तसंच. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातला हा संवाद बौद्ध विचाराचा एक आधारस्तंभ मानला जातो. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या आपल्या महाविद्यालयाला बाबासाहेब आंबेडकरांनी या राजाचंच नाव दिलं.

याच्या विरुद्ध बाजूला गीतेची भूमिका आहे. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो आणि स्वतः अविकारी राहतो. फुटबॉलचे चाहते बोलतात ते बहुधा याच सुरात. मालक बदलले, खेळाडू बदलले तरी क्लबचा आत्मा तोच, असं इटलीतही म्हणतात आणि कोलकात्यातही. भावना म्हणून हे ठीक आहे. पण 1936 ते 1948 या काळात किएव्होचा आत्मा कुठे होता, असं विचारलं तर उत्तर येतं की वस्तीतल्या लोकांच्या आठवणीत. म्हणजे त्याला आधार होता तो हाडामांसाच्या माणसांचा. ती माणसं तेवढ्यात दुसरीकडे पांगली असती, तर 1948मध्ये संघाला जुन्या नावाने हाक मारायला कुणी उरलं नसतं. अविकारी आत्म्याला अशा आधाराची गरज पडू नये.

नागसेनांचा रथ इथे जास्त जुळतो. पण 2021 सालाने त्यालाही अवघड जागी नेलं.

सेरी आमधून 2019मध्ये बाहेर पडलेला किएव्हो तेव्हा सेरी बीत होता. थकलेल्या करांच्या प्रकरणावरून जुलै 2021मध्ये त्याला पुढच्या हंगामाचा प्रवेश नाकारण्यात आला. अपिलं फेटाळली गेली, रिकामी जागा कोसेन्झाला मिळाली आणि करारातले सगळे खेळाडू मोकळे झाले. नाव आणि चिन्ह जुन्या कंपनीकडे राहिलं, पण तिच्याकडे मैदानात उतरवायला संघ नव्हता. पेलिसियेकडे माणसं, आठवणी आणि पाठीराखे होते, पण नाव नव्हतं. किएव्हो या शब्दावर जुन्या क्लबने हरकत घेतल्यावर त्याने ‘क्लिव्हेन्से’ असं नाव घेतलं आणि इटलीतल्या नवव्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात केली.

सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने असाच पेच मांडला होता. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली आणि काढलेल्या जुन्या फळ्यांतून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं? 2021 ते 2024 या काळात किएव्होची दोन जहाजं होती. एकाकडे नोंदणी होती, दुसऱ्याकडे खलाशी. भागांची जुळणी म्हणजे रथ, असं म्हटलं तर जुळणी दोन ठिकाणी विखुरल्यावर रथ कुठला, हे कोण ठरवणार?

न्यायालयं आणि फुटबॉल महासंघ असे वाद कागदपत्रांवर सोडवतात. पण याच क्लबच्या इतिहासात कागदपत्रं खोटी ठरल्याचं एक प्रकरण आहे. 2001च्या त्या स्वप्नवत हंगामात उजव्या बगलेवरून सुसाट धावणारा ब्राझिली खेळाडू होता एरिबेर्तो. ऑगस्ट 2002मध्ये त्याने स्वतःहून सांगितलं, की आपलं खरं नाव लुचियानो. उमेदीच्या काळात संधी मिळावी म्हणून दुसऱ्या माणसाची कागदपत्रं वापरली आणि वय चार वर्षांनी कमी दाखवलं. त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी आली, दंड झाला. बंदी संपल्यावर तो खऱ्या नावाने परतला आणि मधला थोडा काळ सोडता दशकभर किएव्होकडूनच खेळला. तो तोच माणूस आहे का, अशी शंका कुणी घेतली नाही. एरिबेर्तोच्या नावाने झालेल्या लबाडीची शिक्षा लुचियानोने भोगली, तेव्हाच दोघे एक असल्याचं सिद्ध झालं. आधीच्या कृत्याचा भार नंतरच्या माणसाने उचलला.

नागसेनांचं दुसरं, रथाइतकं प्रसिद्ध नसलेलं उदाहरण इथे कामाला येतं. मिलिंदाने विचारलं, पुनर्जन्म घेणारा जर तोच नसेल, तर तो आधीच्या पापातून सुटला का? नागसेन म्हणाले, समजा एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, या मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. तर त्याला सोडून देशील का? राजा म्हणाला, नाही, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यांतूनच आलेले आहेत. तसंच कर्माचं. पुढचा माणूस तंतोतंत तोच नाही आणि पूर्ण वेगळाही नाही, म्हणून कर्म त्याला चुकत नाही. ‘तोच’ या शब्दावर शाब्दिक कसरत करण्यापेक्षा उत्तरदायित्व कुणाचं, हे विचारणं नागसेनांना अधिक महत्त्वाचं वाटलं.

इटालियन फुटबॉलमधला व्यवहार नेमका याच्या उलट चालतो. क्लब चालवणारी कंपनी बुडते, कर आणि कर्ज तिच्याबरोबर गाडलं जातं आणि नाव, रंग, चिन्ह, इतिहास नव्या मालकाकडे जातो. फिओरेन्तिना 2002मध्ये बुडाली, ‘फ्लोरेन्तिया व्हिओला’ या नावाने चौथ्या श्रेणीत सुरू झाली, वर्षभरात नाव परत मिळवलं आणि मधली तिसरी श्रेणी न खेळता थेट सेरी बीत बसवली गेली. जुनी पुण्याई तिच्या कामी आली, जुनं देणं मात्र मागे राहिलं. आंबे माझे, चोरी त्याची, असा हा युक्तिवाद मिलिंद राजानेही फेटाळला असता.

पेलिसियेचा किएव्हो यापेक्षा बरा ठरतो, पण पूर्ण निर्दोष नाही. तो नवव्या पायरीपासून सुरू झाला खरा. पण 2022मध्ये सान मार्तिनोच्या संघाशी विलीनीकरण करून त्याने मधल्या पायऱ्या ओलांडल्या, पाचवी श्रेणी गाठली आणि ती जिंकून 2023मध्ये सेरी डीत, म्हणजे चौथ्या श्रेणीत, आला. शेकडो सामान्य पाठीराख्यांनी वर्गणी काढून त्याचे भाग घेतले, ही गोष्ट मोलाची. नाव त्यांनी फुकट घेतलं नाही, लिलावात रोख मोजून घेतलं. जुन्या कंपनीचा कर मात्र त्यांनी फेडलेला नाही आणि कायद्याने तो त्यांच्यावर येतही नाही.

म्हणून निवाडा असा, की आजचा किएव्हो 1929च्या संघाचा वारस आहे, तोही 1948चा संघ होता त्याच नात्याने. लोकांनी परंपरा पुढे चालवली म्हणून ती चालली. पण वारसाला स्थावराबरोबर बोजाही येतो. 2001-02चा पाचवा क्रमांक आपला म्हणायचा, तर खेळाडूंच्या किमती फुगवून दाखवल्याबद्दल 2018मध्ये कापलेले तीन गुणही आपले म्हणायला हवेत आणि 2021ची हकालपट्टीही. सान मार्तिनोचं नाव 2024मध्ये पाटीवरून गेलं, पण तिथला संघ आपल्यात विरघळला हेही इतिहासात लिहायला हवं. यातलं सोयीचं तेवढंच उचललं, तर लिलावात हाती आलं ते फक्त बोधचिन्ह, असं हेलासचे चाहते म्हणतील आणि त्यांचं चुकणार नाही.