सारांशाच्या आधी

माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गात बसणारा, अक्षरओळख पुरती झालेला, परंतु नेमलेल्या पाठातील एखाद्या परिच्छेदाचा अर्थ विचारला असता खाली मान घालणारा विद्यार्थी आपल्या शिक्षणव्यवस्थेने कधी हिशेबात धरलेलाच नाही. वाचनाचे प्रकरण चौथीतच निकालात निघाले, पुढे केवळ पोर्शन पुरा करावयाचा, असे तिने मानून घेतले आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२३ सालच्या ‘असर’ पाहणीत देशातील निवडक ग्रामीण भागांतील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २५ टक्क्यांना स्वभाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. आणि ज्यांना तो वाचता आला, त्या सर्वांना दहावीचा पाठ उमगतो असे समजणे भाबडेपणाचे होय.

अशा मुलासाठी सर्रास योजिला जाणारा उपाय म्हणजे पाठाऐवजी पाठाचा गोषवारा त्याच्या हाती देणे. फळ्यावर उत्तरे उतरवून देणाऱ्या शिक्षकाच्या मनात मुलाविषयी कळवळाच असतो, हे मी जाणतो; तथापि त्या कळवळ्यामुळे मुलाची आणि मूळ मजकुराची गाठच पडत नाही.

एक दाखला घेऊ. बंगालच्या फाळणीसाठी राज्यकारभाराची सोय हे कारण सरकारने पुढे केले असले, तरी हिंदू व मुसलमान यांच्यात दुही माजवणे हा त्यामागील हेतू होता, अशा धाटणीचे वाक्य इतिहासाच्या तासाला येते. मुलगा ते बिनचूक वाचतो, आणि १९०५ सालच्या त्या फाळणीमागील हेतू विचारताच ‘राज्यकारभाराची सोय’ असे सांगतो. आपण त्यास ‘कच्चा’ ठरवून मोकळे होतो. वस्तुतः तो एकाच ठिकाणी चुकला आहे: पूर्वार्धात जे मांडले ते लेखकाने उत्तरार्धात खोडून काढले, हे त्याच्या ध्यानात आले नाही, कारण अशा लांब जोडवाक्यांची सवय त्याला घरी नाही आणि वर्गात ती कोणी उलगडून दाखवली नाहीत. त्याच वाक्यापाशी थांबून, ‘हे कारण कोण सांगतो आहे? लेखकाला ते पटते का?’ एवढेच विचारावे. बहुतेक मुले मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचतात, आणि ते पुन्हा वाचणे हीच खरी कमाई असते.

ॲनमारी पॅलिन्सार आणि ॲन ब्राउन या अमेरिकेतील संशोधिकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची दिशा हीच होती. उच्चार ठीक परंतु आकलन दुबळे, अशा सातवीतील मुलांबरोबर त्यांनी परिच्छेद वाचून त्यावर प्रश्न काढणे, अडलेले उलगडून घेणे, सार सांगणे व पुढील मजकुराचा अंदाज बांधणे ही चार कामे चालविली. शिक्षकाने ती प्रथम स्वतः करून दाखवावयाची आणि मग क्रमाक्रमाने मुलांच्या स्वाधीन करावयाची. सारांश तेथेही आहे, पण तो मुलाने स्वतः, वाचनानंतर काढलेला.

इतका वेळ कोठून आणावा, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. साठ मुलांच्या वर्गात अशी चर्चा पोर्शन सांभाळून होणार नाही. म्हणूनच मागणी करावयाची ती वेळापत्रक आखणाऱ्यांकडे: नववीला आठवड्याचे दोन तास केवळ सावकाश वाचनासाठी राखून ठेवावेत, आणि ते मराठीच्या शिक्षकांबरोबर इतिहास व विज्ञान शिकविणाऱ्यांनीही वाटून घ्यावेत, कारण मुलांना अडविणारी वाक्ये त्यांच्या पुस्तकांतही तितकीच आहेत.