संकल्पाविना शिखर

राजूरच्या बाजूने बारी गावी येऊन कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर एका दिवसात चढून उतरणाऱ्या कुटुंबाची ती यात्रा मानावी की सहल, हा प्रश्न अखेर संकल्पापाशी, म्हणजे कर्मापूर्वी मनाने केलेल्या निश्चयापाशी, येऊन थांबतो. कर्मकांडाच्या परंपरेत संकल्पावाचूनचे कर्म अपुरे मानतात. परंतु माथ्यावरच्या देवीची लोककथा वेगळेच सुचवते, कारण झाडलोट व भांडी घासण्याची सक्ती होताच घर सोडून डोंगरावर निघून गेलेल्या आणि पुढे देवी मानल्या गेलेल्या कळसू नावाच्या मुलीने कोणतेही व्रत घेतले नव्हते. तेव्हा नवरात्रातील जत्रेचा भाविक आणि सुट्टीतले कुटुंब यांच्यात तिच्या माथ्यावरील लहानशा मंदिरापुढे भेद करणे गैरलागू ठरते.