गरज कुणाची?

आमच्या घरी कुत्रा आहे, असे लिहिताना आजही हात थबकतो. आम्ही दोघे नवराबायको उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मूळचे कोकणचे, शाफई मसलकाचे. अंधेरीला मरोळच्या एका चाळीत राहतो. एक खोली आणि पुढे ओटा. खोलीत अम्मींचा मुसल्ला, मुलांची दप्तरे आणि आमचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिथे कुत्र्याला जागा कुठली?

गेल्या पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या जाळीत एक पिल्लू अडकलेले सापडले. मागचा पाय सोललेला, अंगभर गोचिड्या. मुलांनी त्याला बाहेर काढले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "यात जर्मन शेफर्डचं रक्त आहे. कुणीतरी हौसेनं आणलं असेल आणि कंटाळून टाकलं असेल." वस्तीतल्या काही तरुणांनी त्याच्यासाठी घर शोधले, पण ज्यांना शेफर्ड हवा त्यांना अस्सल हवा होता, आणि याचा एक कान उभा तर दुसरा पडलेला! शेजारी म्हणाले, "आरेत सोडून या." आरेत बिबटे आहेत आणि कुत्रा ही त्यांची सोपी शिकार, हे मरोळच्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही.

राहता राहिलो आम्ही. अम्मी म्हणाल्या, "कुत्रा असलेल्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे मीच तुम्हाला सांगत आले. आता तुम्ही मला काय नवीन शिकवणार?"

अम्मींचे म्हणणे खोटे नव्हते. शिकार, शेती आणि गुरेमेंढ्यांची राखण यांखेरीज कुत्रा पाळला तर नेकीतून रोज एक कीरात वजा होतो, अशी हदीस आहे. आमच्या मसलकात कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा, त्यातून एकदा मातीने धुवायचे. हनफी तीनदा धुणे पुरेसे मानतात, तर मालिकी कुत्र्याला मुळात नापाकच मानत नाहीत. पण सोयीपुरता मसलक बदलणे आम्हाला पटले नाही. एका सहकारी मित्राने तोड सुचवली, "राखणीसाठी ठेवलाय म्हणा." आम्हाला हसू आले. आमच्या खोलीत राखण्यासारखे आहे तरी काय? उत्तरपत्रिका कोणता चोर नेतो?

गावी मात्र हा प्रश्नच नव्हता. भातशेतीत रानडुकरे शिरत, म्हणून पडवीत कुत्रा असे आणि कुणाच्या नमाजेत अडचण येत नसे. म्हणजे आपण नेहमी आपली गरज मोजत आलो. तहानेने जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याला आपला जोडा विहिरीत सोडून पाणी पाजणाऱ्या त्या बदनाम बाईची हदीस आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. तिला माफी मिळाली. तिथे गरज कुणाची होती? तिची नव्हे, कुत्र्याची.

यावर कुणी म्हणेल, पाणी पाजणे वेगळे आणि घरी आणणे वेगळे. बरोबर आहे. विहिरीवरचा कुत्रा पाणी पिऊन आपल्या वाटेने जाऊ शकत होता. या पिल्लाला वाट कुठे होती? त्याची जात तर माणसानेच घडवलेली. जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून १८९९ मध्ये ती नावारूपाला आली. म्हणजे ज्या कामाला हदीसमध्ये मुभा आहे, त्याच कामासाठी घडलेला हा जीव. फक्त त्याच्याजवळ कळप उरलेला नाही. माणसाने घडवायचे, विकायचे आणि मन भरले की गटारात टाकायचे. मग नापाक कोण, असा प्रश्न पडतो.

या शहराला कुत्र्यांचा प्रश्न नवा नाही. १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध इथल्या पारशांनी दंगल केली होती. २००१ मध्ये नसबंदीचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितले. मुलांना कुत्रा चावण्याची धास्ती आम्ही शाळेत पाहतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही, हेही जाणतो. म्हणूनच नुसता कळवळा पुरत नाही. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला सजा झाल्याची हदीसही आहे. घ्यायचे तर पुरते घ्यायचे : लस, नसबंदी, महापालिकेचा परवाना, पट्टा, आणि तो म्हातारा होईल तेव्हाचा दवाखाना.

पिल्लू आता ओट्यावर राहते. त्याचे भांडे वेगळे, पुसायचे फडके वेगळे. उंबरठ्याच्या आत त्याला मनाई आहे, आणि तो पाळतो. सूरह कहफमधल्या गुहेत झोपलेल्या त्या नेक तरुणांचा कुत्राही उंबरठ्यावरच पाय पसरून बसला होता, याची आठवण आम्ही अम्मींना करून दिली. त्या म्हणाल्या, "ते अल्लाहचे वली होते. तुम्ही कोण?"

याला आमच्याजवळ उत्तर नाही. कीराताची भीती खरी आहे, ती आम्ही लपवत नाही. पण धुण्याचा हुकूम आहे तो भांड्यासाठी. आरेत सोडून आलो असतो तर ते हात किती वेळा धुतल्यावर पाक झाले असते?

अम्मी अजून त्याला हात लावत नाहीत. मात्र रात्री पाऊस वाढला की आतून विचारतात, "त्याच्यावर ताडपत्री ओढली का?"