गळलं नाही, त्याचं काय?

फुटबॉलचा आणि माझा संबंध शाळेत असताना एकदाच आला. चेंडू माझ्या नाकावर आला आणि संबंध संपला. पुढे तीसएक वर्षं आम्ही दोघेही एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. पण अलीकडे जुलै महिना लागला, की मला रात्री-अपरात्री फोन येतो आणि पलीकडून काळजीने चिंब झालेला आवाज विचारतो, "काका, यंदा लाइन टिकेल असं वाटतं का हो तुम्हाला?"

पहिल्या वर्षी मला वाटलं, हा विजेच्या लाइनबद्दल विचारतोय. मी म्हटलं, "अरे, गावाकडची लाइन पाऊस पडला की जातेच. त्यात काय टिकायचंय?"

हा माझा पुतण्या. थोरल्या भावाचा मुलगा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शिकायला म्हणून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी या शहरी गेला आणि तिथेच नोकरीला चिकटला. तिथल्या फुटबॉल क्लबाचं नाव 'बेंगॉल्स'. मी बरेच दिवस समजत होतो, की ईस्ट बंगालच्याच कोणी मंडळींनी गंगेऐवजी ओहायो नदीकाठी बिऱ्हाड थाटलं असावं. पण ते आपल्या बंगालचे पट्टेरी वाघ निघाले. १९६८ साली निघालेला क्लब. खेळाडूंच्या शिरस्त्राणावर नारिंगी-काळे पट्टे. अंतिम सामना आजवर एकदाही जिंकलेला नाही. आमच्या घराण्यातला माणूस इतकी शहरं सोडून नेमका तिथे जाऊन पोचला, यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

या खेळाला ते फुटबॉल का म्हणतात, ते विचारू नका. चेंडू लांबट असतो, आणि पाय त्याला क्वचितच लागतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, असा सगळा मामला. क्वार्टरबॅक नावाचा एक देखणा तरुण चेंडू हातात घेऊन मागे सरतो, समोर कोण मोकळा आहे ते बघतो आणि फेकतो. हे करायला त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात समोरचे राक्षस येऊन त्याला पोत्यासारखा आडवा करायला टपलेले असतात. त्यांना थोपवायला याच्यापुढे पाच माणसं उभी असतात. एकेक जण सव्वाशे-दीडशे किलोंचा. हीच ती लाइन. नाव 'ऑफेन्सिव्ह लाइन' आणि काम निव्वळ संरक्षणाचं. आमच्या बँकेतही 'मे आय हेल्प यू' असं लिहिलेल्या खिडकीला नेहमी कुलूप असतं. तेव्हा नावावर जाऊ नये.

या पाच जणांची गंमत अशी, की मधला गडी चेंडू मागे देतो तेवढा सोडला, तर बाकीच्यांचा चेंडूशी संबंध जवळजवळ नाहीच. पुढे फेकलेला चेंडू झेलायची त्यांना साधारणपणे नियमानेच बंदी. फळाची आशा धरू नये, हे आपण प्रवचनात ऐकतो. यांनी ते नियमांच्या पुस्तकात घातलंय! यांनी किती यार्ड मिळवले? शून्य. किती गुण केले? शून्य. यांच्या नावापुढे धावफलकात लिहायला काही नसतंच. मात्र एकाने प्रतिस्पर्ध्याला चुकून धरून ठेवलं, की दहा यार्डांचा दंड, आणि पंच ध्वनिक्षेपकावरून त्याचा नंबर सबंध स्टेडियमला ऐकवतो. हे लोक हजारो माणसांच्या कानांवर पडतात ते तेव्हाच.

या लीगमध्ये वर्षातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान देतात. १९८२ चा तो मान वॉशिंग्टनच्या मार्क मोझलीला मिळाला. हा गृहस्थ मैदानात फक्त चेंडूला लाथ मारायला यायचा. पण लाइनमधल्या माणसाला तो मान आजपर्यंत एकदाही मिळालेला नाही. १९२० साली सुरू झालेल्या लीगने 'प्रोटेक्टर ऑफ द इयर' नावाचा पुरस्कार जाहीर केला तो २०२५ साली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणणारे आपण त्या मानाने वेगवान म्हणायचे.

आता पुतण्याच्या काळजीची कुळकथा. २०२० च्या नोव्हेंबरात बेंगॉल्सचा नवा कोरा क्वार्टरबॅक ज्यो बरो याचा गुडघा निकामी झाला. पुढच्या एप्रिलमध्ये नवे खेळाडू निवडताना क्लबाचा नंबर पाचवा लागला. समोर दोन पोरं. एक पेनेई सूअल, लाइनमधला रक्षक. दुसरा जमार चेस, चेंडू झेलणारा, बरोचा कॉलेजातला जोडीदार. घराला कुंपण घालायचं, की अंगणात आंबा लावायचा, असा पेच. क्लबाने आंबा लावला, म्हणजे चेसला घेतलं.

आंबा पहिल्याच वर्षी लगडला. चेसने १,४५५ यार्ड मिळवले, १३ टचडाउन केले, आणि क्लब थेट अंतिम सामन्यात! पण कुंपण नव्हतं ते नव्हतंच. साखळी सामन्यांत बरो ५१ वेळा आडवा झाला. बाद फेरीत टेनेसीविरुद्ध ९ वेळा आडवा होऊनही जिंकला. १३ फेब्रुवारी २०२२ ला रॅम्सविरुद्ध अंतिम सामन्यात ७ वेळा पडला. शेवटच्या प्रयत्नात पुढे चेस मोकळा धावत होता. पण चेंडू तिथवर फेकायला जो एखादा सेकंद लागतो, तो बरोला मिळाला नाही. २०-२३ अशी हार. कुंपण घातलं असतं तर अंतिम सामन्यापर्यंत पोचलेच नसते, असं आंब्याचा पक्ष म्हणतो. कुंपण असतं तर तो जिंकला असता, असं कुंपणाचा पक्ष म्हणतो. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही. त्यात पुढे डेट्रॉइटने घेतलेला सूअलही पहिल्या प्रतीचा निघाला.

मग क्लबाने पैसे मोजून लाइनसाठी नवी माणसं आणली. तर जानेवारी २०२३ मध्ये उपांत्य सामन्यापर्यंत पाचांतले तीन जायबंदी! पुन्हा २०-२३. आमच्या शाखेत असा आकडा दिसला असता, तर मी नोंद दोनदा झाली म्हणून एक खोडून टाकली असती. सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्याच सामन्यात बरोला आडवा केला तेव्हा त्याचा अंगठा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबर संपत येईपर्यंत तो बाहेर बसला. तेव्हा पोराची काळजी अगदीच पोकळ नाही.

एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, सामने सप्टेंबरात. तू जुलैत का झुरतोस?"

तो म्हणाला, "काका, सामना सुरू झाला की सगळे चेंडूकडे बघतात. मीसुद्धा. लाइनकडे बघायला वेळ मिळतो तो आत्ताच."

फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. मी कॉमर्सचा पदवीधर. प्रत्येक नावेला जमा असते, या एकाच सिद्धांतावर माझा संसार चालला आहे. पण न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठल्या खात्यावर करायची? बरो पडला, तर रक्षकाच्या नावे. पण बरो पडला नाही, तर कोणाच्या जमेला? बावीस वर्षं मी खिडकीवर बसतोय. "पैसे बरोबर आले हो!" असं सांगायला एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही. एक फाटकी नोट गेली, तेव्हा मात्र तीन जण आले होते. त्यातले दोघे नुसते बघायला.

सकाळी हा प्रश्न मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त संस्कृत शिक्षकांना घातला. ते खूश झाले. म्हणाले, "अहो, वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थच मानलाय." पदार्थ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे भजी आली, पण मी ऐकत राहिलो. जमिनीवर घट नाही, हे 'नसणं'देखील आपल्याला कळतं, तेव्हा तीही एक वस्तूच, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ.

म्हणजे नसण्याला खातं उघडता येतं. पण मग आली का पंचाईत! न घडलेल्या गोष्टी अगणित. आज छत कोसळलं नाही, साहेब हसले नाहीत, हिने आमटीत दोनदा मीठ घातलं नाही. एकेकाचे आभार मानत बसलो तर ऑफिसला कधी पोचणार? (आमटीचे आभार मी मानून बघितले. "म्हणजे एरवी घालते की काय?" असं उत्तर आलं.) घट कोणी ठेवलाच नाही म्हणून नाही, की वाटेत पाय लागेल म्हणून कोणी पहाटे उठून उचलला म्हणून नाही, हे नुसत्या रिकाम्या जमिनीकडे बघून कसं ओळखायचं?

दोन दिवस विचार केल्यावर उत्तर मला शेवटी कीर्द-खतावणीतच सापडलं. कसोटी सोपी आहे. ती गोष्ट घडली असती, तर आपण कोणाला बोललो असतो? ज्याला बोललो असतो, त्याच्याच जमेला ती न घडल्याचं श्रेय. पडल्याचा दोष लाइनचा असेल, तर न पडल्याचं पुण्यही लाइनचंच. एका बाजूने नावे टाकायचं आणि दुसरी बाजू कोरी ठेवायची, याला हिशेब म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.

उत्तर सापडल्याचा आनंद मला चहा संपेपर्यंत टिकला. मग दादा आठवला.

दादा म्हणजे या पुतण्याचे वडील. मी बी. कॉम. होऊन शहरात आलो, तो गावी राहिला. आमचं घर कौलारू. दर वर्षी मृगाच्या आधी दादा वर चढून कौलं चाळतो, फुटकी बदलतो. हा त्याचा मोसमापूर्वीचा सराव. इतक्या वर्षांत "यंदा गळलं नाही रे" असं त्याला कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. एका गणपतीत माझ्या उशीवर थेंब पडला, ते मात्र मी सगळ्यांना सांगितलं होतं.

अण्णांची शेवटची वर्षंही त्यानेच काढली. मी सणाला जायचो, पेढे न्यायचो, अण्णा पाठीवरून हात फिरवायचे. झेल माझे. त्यांना पहाटे हात धरून न्हाणीत नेणं, रात्री उठून पांघरूण घालणं, ओली पायरी पुसणं, हे सहा वर्षं त्याने आणि वहिनीने केलं. मग एक दिवस दादा जिल्ह्याच्या गावी गेला असताना अण्णा त्याच पायरीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "तू कुठे होतास?"

पंचाने नंबर पुकारला. मैदानभर ऐकू गेला.

पुढे अण्णा दोन वर्षं होते. तेही दादानेच बघितलं. पण मी ते वाक्य मागे घेतलं नाही. सहा वर्षांचे दिवस होतात २,१९०. लीप वर्षाचा एक धरा, २,१९१. त्यातला एक मी नावे टाकला. २,१९० जमेला धरायचे राहिले. आणि हा माणूस बँकेत पाच रुपयांचा फरक पडला, तर रात्री नऊपर्यंत बसतो!

पुतण्या सांगत होता, २०२४ च्या नाताळात बरोने आपल्या लाइनमधल्या प्रत्येकाला खरीखुरी जपानी तलवार भेट दिली. दादाला तलवार देऊन उपयोग नाही. तो तिने गवत कापील. मी त्याच रात्री फोन लावला. बाहेर धो धो पाऊस पडत होता. गावाकडे तर जास्तच असणार.

"दादा, घर गळत नाहीये ना?"

"नाही. का रे?"

"काही नाही. गळत नाहीये, हे सांगायलाच फोन केला."

"तू मला सांगतोयस? घरात मी आहे!"

"हो, म्हणूनच." मग माझं घोडं अडलं. थोड्या वेळाने म्हटलं, "दादा, अण्णा पडले तेव्हा मी तुला विचारलं होतं..."

पलीकडे नुसता पावसाचा आवाज. मग दादा शांतपणे म्हणाला, "पोराच्या पासपोर्टाच्या कागदांसाठी गेलो होतो. तेव्हाच सांगणार होतो, पण तू फोन ठेवलास."

मला काही सुचेना. मी त्याला २,१९० दिवसांचा हिशेब सांगायला सुरुवात केली. त्याने निम्म्यावर तोडला. "बरं बरं. झोप आता. गणपतीला ये. तुझ्या उशीच्या वरचं कौल बदललंय."

पुतण्याचा फोन आला की हल्ली मी चिडत नाही. त्याची काळजी म्हणजे जमेच्या बाजूला आगाऊ भरलेला हप्ता आहे, असं मी धरून चालतो. परवा त्याने पुन्हा विचारलं, "काका, यंदा लाइन टिकेल?"

"तुमची टिकेल की नाही, ते मला काय ठाऊक!" मी म्हटलं. "पण आधी तुझ्या बाबांना फोन कर. आणि घर गळत नाही ना, एवढंच विचार."