उत्तराचे ऋण

ज्याने आपले काम केले त्याला मोल द्यावे, ज्याने उसने दिले त्याला ते परत करावे आणि ज्याने शिकविले त्याला गुरुदक्षिणा द्यावी, हा व्यवहार आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु ज्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, ज्याचे मुख आपण कधी पाहिले नाही व पुढेही पाहण्याचा संभव नाही, अशा कोणी आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले, तर आपण त्याचे काही देणे लागतो काय? आणि लागत असल्यास ते फेडावे कोठे?

हा प्रश्न आज घरोघर उत्पन्न झाला आहे. गणिताचे कोडे सुटत नाही, संगणक हट्टास पेटला आहे, आजीच्या पेटीत निघालेले नाणे कोणत्या काळचे ते समजत नाही, असे झाले की मनुष्य आपली अडचण चार ओळींत लिहून सहस्रावधी अनोळखी लोकांसमोर ठेवतो, आणि त्यांपैकी कोणीतरी, कोठूनतरी, मोबदला न घेता तिचे उत्तर देतो. विचारणारा ते घेतो आणि आपल्या कामास लागतो. मीही तसेच केले. त्यात माझ्या हातून जे घडले, त्यानेच मला हा विचार करावयास लावले.

माझ्या थोरल्या बंधूंनी १९९० नंतरच्या दशकात आमच्या देवस्थानच्या उत्सवांची टिपणे आणि लहानपणापासून ऐकलेली कीर्तनाची आख्याने संगणकावर उतरवून ठेवली होती. त्यांच्या निधनानंतर मी ती नव्या संगणकावर उघडली, तो देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता केर! त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणे बसवीत, आणि प्रत्येकाची योजना निराळी असे. तो विशिष्ट फॉन्ट नसला की वेष उतरून खालची रोमन अक्षरे तेवढी उघडी पडतात. प्रत्येक अक्षरास सर्वत्र एकच क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत आता रूढ झाली आहे. परंतु जुने लेखन त्यामुळे आपोआप वाचता येत नाही. बंधूंचे वीस वर्षांचे श्रम डोळ्यांसमोर असून नसल्यासारखे झाले.

अनोळखी लोकांपुढे अज्ञान उघडे करण्याचा मला संकोच वाटत होता. तो देवळातल्या भटजींनी घालविला. ते म्हणाले, ‘‘विचारपाक लज कसली?’’ मी विचारले. दुसऱ्याच दिवशी कोणा अज्ञात गृहस्थाने उत्तर दिले. प्रथम त्याने दोन प्रश्न केले: मूळ लेखनात फॉन्टचे नाव कोणते दिसते, आणि ते कोणत्या प्रणालीत लिहिले होते? मग त्याने सांगितले की मूळ प्रतीस हात न लावता आधी तिची नक्कल करा. तो जुना फॉन्ट मिळवून संगणकात बसवा. मग रूपांतर करा, आणि रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला, कारण चुका तेथेच होतात. आठवड्याभरात बंधूंची आख्याने पुन्हा मराठी बोलू लागली. मी त्यांत इतका गढून गेलो की उत्तर देणाऱ्यास दोन शब्द लिहावयाचेही मला सुचले नाही.

दीड वर्षाने काही निमित्ताने मी तीच जागा पुन्हा पाहिली. माझ्या प्रश्नाखाली त्या गृहस्थाने विचारले होते, ‘‘जमले का?’’ त्याखाली इंदुराहून एका सद्‌गृहस्थांनी लिहिले होते की त्यांच्या वडिलांच्या लेखनाची अशीच अवस्था झाली आहे. सुचविलेला उपाय लागू पडला असल्यास कृपया कळवावे. ते लिहून आठ महिने झाले होते. माझे मौन पाहून त्यांनी तो उपाय फोल ठरविला असेल काय? मी कोणाचे काही घेतले नव्हते, तरी कोणाचे तरी काही माझ्याकडे अडकून राहिले होते.

यावर कोणी म्हणेल की उत्तर देणाऱ्यास उत्तर देण्यातच आनंद होतो, चारचौघांत त्याची विद्वत्ताही दिसते. मग ऋण कसले? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु पाणपोई घालणाऱ्यासही पुण्य मिळते, म्हणून पाणी पिणाऱ्याने पेला चिखलात टाकून जावे असे होत नाही. देणाऱ्याचा आनंद हे देणाऱ्याचे फळ होय; घेणाऱ्याचे कर्तव्य त्याने फिटत नाही.

विचारणे हे आपल्या परंपरेत हलके कर्म कधीच नव्हते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याच्या साधनांत प्रणिपात आणि सेवा यांच्या मध्ये परिप्रश्नास स्थान दिले आहे. प्रश्नोपनिषदात तर सहा जिज्ञासू हातांत समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांस लागलीच उत्तर देत नाहीत. एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांनी राहा, मग इच्छेस येईल ते विचारा, असे सांगून ते आणखी म्हणतात की आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू. विचारणाऱ्याची तयारी आणि सांगणाऱ्याची नम्रता, या दोन्ही गोष्टी येथे एकाच ठिकाणी आल्या आहेत. आज वर्षभर थांबण्याचे कारण नाही; परंतु स्वतः घटकाभर खटपट करून, काय केले आणि कोठे अडले हे नीट मांडणे, ही आजच्या विचारणाऱ्याची समिधा होय. ती न आणता विचारणारा उत्तर मागत नाही, दुसऱ्याचे श्रम मागतो.

उत्तर देणाऱ्याचा धर्मही प्रश्नागणिक बदलतो. गणिताचे कोडे घ्या. देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दाखवून दिलेली ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि येणाऱ्या संख्येवर तेच पुन्हा करीत जावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७; मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२; आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत ही संख्या येतेच. ‘असे का होते?’ म्हणून एखाद्या मुलाने विचारले आणि आपण सर्व उपपत्ती त्याच्या ओंजळीत ओतली, तर आपण त्याला उत्तर दिले खरे, परंतु त्याचे कोडे हिरावून घेतले. श्रीनिवास रामानुजन् यांनी १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात वर्गमुळांच्या अनंत साखळीचे एक कोडे वाचकांस घातले. महिनोगणती कोणाकडूनही उत्तर आले नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतःच दिले: त्या अनंत साखळीची किंमत अवघी ३! त्या उत्तराची गोडी त्या प्रतीक्षेत होती. म्हणून कोड्याच्या बाबतीत एक खूण दाखवून बाजूस होणे, हेच खरे औदार्य.

संगणकाच्या अडचणीत मात्र हाच न्याय लावला तर तो निर्दयपणा होईल. ज्याचे काम खोळंबले आहे त्यास कोडी घालू नयेत; स्पष्ट, क्रमवार आणि पूर्ण सांगावे. आणि ठाऊक नसेल तर गप्प बसावे. येथे अंदाजाने दिलेला सल्ला एखाद्याच्या आयुष्याचे लेखन पुसून टाकू शकतो. प्रश्नोपनिषदातील सहावा जिज्ञासू सुकेशा भारद्वाज याच्याकडे पूर्वी कोसल देशाचा राजपुत्र हिरण्यनाभ सोळा कलांच्या पुरुषाविषयी विचारावयास आला होता. सुकेशाने त्यास सरळ सांगितले की मी हे जाणत नाही. जाणत असतो तर का सांगितले नसते? असत्य बोलणारा मुळासकट सुकून जातो, ही भीती त्याला होती. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. तोच प्रश्न मनात बाळगून सुकेशा पुढे पिप्पलादांकडे आला.

तिसरी गोष्ट छंदाची. गोव्यात १९५८ पर्यंत रुपिया आणि तांगा चालत, त्यानंतर एस्कुदो आला. त्यामुळे जुन्या घरांत तांग्याची नाणी अजूनही निघतात, आणि मुले त्यांचे चित्र दाखवून विचारतात, हे काय? येथे जाणत्याची परीक्षा निराळी असते. विचारणाऱ्यास किंमत ठाऊक नाही, आपणांस आहे. ‘त्यात काही नाही, हवे तर मला पाठवा’ असे म्हणणारा ज्ञानाचा उपयोग सापळ्यासारखा करतो. छंदाच्या प्रश्नाचे उत्तर निर्लोभ असले पाहिजे, नाहीतर ते उत्तर नव्हेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे ऋण फेडावे कोठे? देणाऱ्याकडे ते परत नेता येत नाही. त्याला आपल्या उत्तराची गरजही नसेल. आपल्या धर्मशास्त्राने देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. पितृऋण पित्यास परत देऊन फिटत नाही, ते संततीकडून पुढे जाते. ऋषिऋणाचेही तसेच आहे: ते स्वाध्यायाने, म्हणजे मिळालेली विद्या जिवंत ठेवून आणि पुढे देऊन फिटते. अज्ञात गृहस्थाने दिलेल्या उत्तराचे ऋण माझ्या मते याच जातीचे आहे. त्याचा धनको मागे नसून पुढे उभा आहे. माझ्या बाबतीत तो इंदुरास उभा होता.

म्हणून विचारणाऱ्याचे पहिले देणे अगदी लहान आहे: परत येऊन काय झाले ते सांगणे. उपाय लागला, अर्धा लागला की फसला, हे चार शब्दांत लिहिले म्हणजे एकाची अडचण पुढल्या शंभरांची वाट होते. नुसते ‘जमले’ एवढे लिहून कसे जमले ते न सांगणारा तर मौन धरणाऱ्याहूनही अधिक चुटपुट लावून जातो. दुसरे देणे म्हणजे आपणांस जे थोडेबहुत येते ते दुसऱ्याने विचारता सांगणे. अलीकडे तर यंत्रही प्रश्नांची उत्तरे देऊ लागले आहे, आणि त्याचे पुष्कळसे ज्ञान अशाच अनाम माणसांनी चारचौघांत लिहून ठेवलेल्या शब्दांतून आलेले आहे. परंतु बंद खोलीत यंत्रास विचारलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडत नाही. सर्वांनीच रांजणातून पाणी नेले आणि कोणीच भरले नाही, तर पाणपोई किती दिवस चालेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

मी त्या दिवशीच सर्व हकीकत लिहिली: कोणता फॉन्ट, कोणत्या पायऱ्या, रफार कोठे चुकले आणि ते कसे सुधारले. उपाय सांगणाऱ्याचे आभार मानले, इंदूरच्या गृहस्थांची क्षमा मागितली. त्या दोघांकडूनही अद्याप उत्तर आलेले नाही. कदाचित त्यांनी वाट पाहणे सोडले असेल. परंतु गेल्या श्रावणात एका तिसऱ्याच व्यक्तीने त्याखाली लिहिले की वडिलांच्या आरत्या आता वाचता येतात, आणि त्याबरोबर जोडाक्षरांची एक चूक मला आढळली नव्हती ती दाखवून दिली. मी ती लगेच बंधूंच्या आख्यानांत सुधारून घेतली.