स्पर्शबिंदूपाशी

पाठ सैल सोडून बसा. पाच सेकंद श्वास घ्या, पाच सेकंद सोडा. खुल्या समुद्रातली एखादी मोठी लाट साधारण एवढ्याच वेळात चढते आणि उतरते.

याच गतीने मनाने मेक्सिकोच्या आखातात चला. तिथे 872 मीटर खोल पाण्यात शेल कंपनीचा ‘ऑगर’ प्लॅटफॉर्म तळाशी ताणून बांधलेला आहे. 1994 मध्ये इथून पहिल्यांदा तेल-वायू वाहून नेणारी एक पोलादी नळी स्वतःच्या वजनाने झोकदार वळण घेत तळापर्यंत सोडली गेली. तिला स्टील कॅटेनरी राइझर म्हणतात. (आपल्या मुंबई हायचा समुद्र उथळ; तिथे राइझर तळावर उभ्या पोलादी सांगाड्याच्या, म्हणजे जॅकेटच्या, पायांना जखडता येतात. इथे ती सोय नाही.)

नळीच्या कडेने सावकाश उतरा. वरच्या टोकाला रबर आणि पोलादाच्या थरांचा लवचीक सांधा आहे, तो मागे जाऊ द्या. मधल्या पाण्यात प्रवाह नळीला वळसा घालून पुढे जातो, मागे भोवरे सुटतात आणि नळी थरथरते. ती थरथर मोडायला अंगावर मळसूत्री पट्ट्या चढवतात. आणखी खाली या. उजेड संपला आहे.

इथे थांबा. नळी तळाला टेकते ती ही जागा. वर प्लॅटफॉर्म हलला की इथे नळी किंचित उचलली जाते, पुन्हा टेकते. वाकते, सरळ होते. तुमच्या प्रत्येक श्वासाबरोबर एकदा. दहा सेकंदांची एक लाट धरली तर वर्षाला 31 लाखांहून जास्त वेळा, 20 वर्षांत सहा कोटींहून जास्त.

आता एका वेल्डवर लक्ष आणा. आतल्या बाजूला, मुळाशी, डोळ्याला न दिसणारी खाच असू शकते. तडा तिथून निघतो. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रातला ‘अलेक्झांडर किलँड’ प्लॅटफॉर्म उलटला आणि 123 माणसं गेली. तोही तडा एका उपकरणाचा आधार जोडणाऱ्या किरकोळ वेल्डपासून वाढत गेला होता. किरकोळ वेल्ड असं काही नसतंच, असं मला वाटतं.

समुद्र शांत झाला आहे असं समजा. पोलादाला बरं वाटलं का? नाही. झालेली झीज भरून येत नाही. पाल्मग्रेनने 1924 मध्ये बेअरिंगसाठी आणि माइनरने 1945 मध्ये विमानांसाठी मांडलेला हिशेब म्हणजे जमेचा रकानाच नसलेली उधारीची वही. प्रत्येक हेलकाव्याचा लहानसा अंश लिहायचा. बेरीज एक झाली की आयुष्य संपलं. ताणाचा चढउतार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट नाही, साधारण आठपट. मोठं वादळ आधी आलं की नंतर, हे मात्र ही वही विचारत नाही. हा तिचा दोष आहे. तळाची माती किती कडक आहे, हेही नेमकं ठाऊक नसतं. म्हणून 20 वर्षं वापरायच्या राइझरचं आयुष्य हिशेबात 200 वर्षं यावं लागतं. या दहापटीला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा मनाने इथवर उतरून पाहावं.

मग माणसाच्या हाती काय उरतं? वेल्ड घासून सपाट करणं, अल्ट्रासाउंडने तपासणं. तरंगती नौका ठरावीक काळाने थोडी सरकवणं, म्हणजे टेकण्याची जागा बदलते आणि एकाच जोडावरचा भार अनेकांत वाटला जातो. किंवा ब्राझीलच्या ‘पार्की दास कॉन्शास’ क्षेत्रात 2009 मध्ये केलं तसं, नळीला मधेच तरंगणारे ठोकळे बांधून पाण्यात कमान उभी करणं. वरची हालचाल तिथेच जिरते.

श्वास नेहमीसारखा होऊ द्या, डोळे उघडा. तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर जुन्या राइझरच्या मुदतवाढीची फाइल येत असेल, तर प्लॅटफॉर्मच्या हालचालींच्या नोंदी आधी मागा. त्या नसतील तर सही करू नका.